मधल्या टाक्यांचं पाणी

ठाण्याजवळच्या दिवा गावातलं ते प्रकरण आठवलं की आजही आधी मला हसू येतं आणि मग हसता हसता मी थांबतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकाच बाईशी लग्न ठरवून बसलेले तीन नवरदेव एकाच बाकावर बसलेले पाहिले. पण घरात पाहुणे जमले आणि कोणी 'एखादी केस सांगा ना' म्हटलं, की मी पाण्याच्या चोरीची सांगतो. बायको तेवढ्यात चहा ठेवायला आत जाते, कारण तिला ती तोंडपाठ आहे. नावं मी कुणाचीच देणार नाही. ती माणसं अजून त्याच इमारतीत राहतात आणि मजेत राहतात.

मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. मंगळवारची सकाळ होती. हजेरी आटोपून मी अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला, तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी कालवा सुरू झाला. दहा-बारा माणसं एकदम बोलत होती. एकाच्या हातात पाण्याच्या टाकीचं झाकण होतं, दुसऱ्याच्या हातात कुलूप. सगळ्यांच्या पुढे एक भरदार गृहस्थ, गळ्यात जाड साखळी, कपाळाला अंगारा.

"सायेब, मी काय सांगतू ते आयका," ते टेबलावर हात टेकून म्हणाले. "आमचे पोरीची हलद हाय शनवारी, गच्चीवर. दोनशे मानूस येनार. चार मोठ्या टाक्या आनल्या, भरल्या, कुलपा लावली. दुपारचे जाऊन बघतंय तं सुक्या! आता पावन्यांना हात धुवाला काय देऊ, कोकाकोला?"

हे वधूपिता. इथलेच मूळचे आगरी. इमारत उभी आहे ती त्यांच्याच भातशेतीच्या जागेवर, आणि त्या बदल्यात त्यांना तिथे तीन घरं मिळालेली. बाकीचे तेरा बिऱ्हाडकरू कोकणातून, घाटावरून आलेले. चार मजले, सोळा घरं, आणि पाणी टँकरचं. सोसायटीची एक टाकी पुरायची नाही, आणि पुरली असती तरी शेजाऱ्यावर विश्वास कुणाचा? म्हणून प्रत्येकाने गच्चीवर आपापली पाचशे लिटरची काळी टाकी बसवलेली आणि तिला कुलूप. टँकर खाली जमिनीतल्या टाकीत रिकामा व्हायचा, सकाळी पंप लागला की गच्चीवरच्या टाक्या भरायच्या. महिनाभर असं चाललं होतं, की सकाळी भरलेल्या टाक्या संध्याकाळी रिकाम्या.

तुम्हाला वाटेल, पाण्यासाठी पोलीस कशाला? अहो, दिव्यात पाणी ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. त्याच इमारतीतल्या दोन बायकांची आठवड्यापूर्वी बादलीवरून जुंपली होती आणि आमच्याकडे अदखलपात्र नोंद झाली होती. आता तर लग्नघर. शनिवारपर्यंत चोर सापडला नाही तर हळदीच्या मांडवात डोकी फुटतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि बुधवारी सकाळी आमच्या हवालदारांना घेऊन निघालो.

हे हवालदार म्हणजे जवळजवळ शंभर किलोचा माणूस. चार मजले चढून गच्चीवर आले तेव्हा बोलायची सोय नव्हती. मी एकटाच पाहत फिरलो. वीस टाक्या, सगळ्या जिन्याच्या एका बाजूला दाटीवाटीने लावलेल्या, कारण पंपाचा पाइप तिथेच वर येतो. उरलेली गच्ची मोकळी. तिथे मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

पोलिसाला एक सवय असते. काय गेलं ते तो लिहितोच, पण काय गेलं नाही तेही लिहितो. मी कोणाच्या टाकीतलं पाणी गेलं, कोणाच्या नाही, अशी यादी करून कागदावर टाक्यांचा नकाशा काढला आणि फुल्या मारल्या. फुल्या सगळ्या मधोमध. कठड्यालगतच्या टाक्यांना कोणी हात लावलेला नव्हता. त्या टाक्यांच्या मालकांना तर शेजाऱ्यांनी चोर ठरवूनच टाकलं होतं. कुलपं तशीच शाबूत होती, कारण चोराने झाकणाला हातच लावला नव्हता. टाकीच्या तळाला साफसफाईसाठी तोटी असते, ती उघडून त्याने पाणी काढलं होतं.

"साहेब," हवालदारांना एव्हाना आवाज फुटला, "चोराला मधलंच पाणी गोड लागतं की काय?"

"लागत असेल," मी म्हणालो. पण मला काही उमगलं नव्हतं.

खाली उतरलो तर टँकर आलेला. टँकरवाला माझ्या ओळखीचा, जुना खबऱ्या. आमच्या खात्यात खबरी म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा चष्मा येतो. याच्या डोक्यावर टॉवेल होता आणि तोंडात मावा. त्याने मला बाजूला बोलावलं.

"साहेब, या बिल्डिंगमध्ये काहीतरी झोल आहे. आधी माझा आख्खा टँकर यांना पुरायचा नाही. आता महिनाभर बघतोय, अर्धा टँकर ओतला की खालची टाकी भरून वाहते. हे बोंबलतात पाणी चोरीला जातं, आणि जमिनीतली टाकी फुल!"

मी आणि हवालदारांनी लगेच खालच्या टाकीचं झाकण उचललं. टाकीत एक हिरवा रबरी पाइप सोडलेला होता. तो जिन्यालगतच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून वर, सरळ गच्चीपर्यंत गेला होता. म्हणजे चोर पाणी चोरत नव्हताच! वरचं पाणी तो खाली सोडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाणी पंपाने पुन्हा वर जायचं. महिनाभर ही सगळी बिऱ्हाडं एकमेकांची गचांडी धरत होती आणि पाणी इमारतीच्या बाहेर गेलेलंच नव्हतं. मी तिथेच खो खो हसलो. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले, म्हणाले, "काय झालं साहेब?" मी म्हटलं, "टँकर हल्ली पुरतो का हो तुम्हाला?" ते खुशीत म्हणाले, "हो तर! मी काटकसर आणली ना!"

आता प्रश्न उरला, कोण आणि कशाला. दुपारी इमारतीत कोण असतं? बहुतेक सगळे ठाण्या-मुंबईला कामावर, बायका पेंगुळलेल्या. राहता राहिले चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त काका. रत्नागिरीकडचे, सत्तरीचे, सडपातळ. आयुष्यभर बांधकामावर सळया बांधण्याचं काम केलेले. बांधकामावर त्या माणसाला फिटर म्हणतात, म्हणून सगळी इमारत त्यांना फिटरकाका म्हणायची. गंमत म्हणजे त्यांची स्वतःची टाकीही फुली मारलेल्यांपैकीच होती.

गुरुवारी दुपारी मी त्यांना ठाण्यात बोलावून घेतलं. वयस्कर माणूस, म्हणून समोर खुर्ची दिली, चहा मागवला. चौकशीचं माझं एक तंत्र होतं. पहिली पंधरा मिनिटं मी भलत्याच गोष्टी बोलायचो, गाव, मुलंबाळं, गुडघेदुखी. समोरचा सैल झाला की मग मुद्द्याला हात घालायचा. पण काकांनी मला संधीच दिली नाही. चहाला हात न लावता म्हणाले,

"साहेब, चोरी मी केली. लिहून घ्या, सही करतो. पण मला इथे बसवलंय आणि आज टाक्या भरलेल्या आहेत. आधी कोणालातरी पाठवून मधल्या टाक्या रिकाम्या करा. आणि शनवारपर्यंत भरू देऊ नका."

इतकी वर्षं आरोपींनी माझ्याकडे वकील मागितला, बिडी मागितली, बायकोला फोन मागितला. गुन्हा कबूल करून तोच गुन्हा पुढे चालू ठेवायला पोलिसांची मदत मागणारा हा पहिलाच.

"लग्नघराशी तुमचं काही वैर आहे का?" मी आवाज चढवला.

"वैर? ती मुलगी माझ्या मांडीवर खेळलेली आहे."

"मग?"

काकांची नजर खिडकीखालच्या लांब बाकावर गेली. दोन टोकांना पाय आणि मध्ये एक सलग फळी. अर्जदार बसायचे त्यावर.

"हवालदारसाहेबांना सांगता का, जरा त्या बाकावर बसायला? अगदी मधोमध."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते बसले. फळी कुरकुरली आणि मध्ये चांगली वाकली.

"आता टोकाला सरका. पायाच्या बरोब्बर वर."

ते सरकले. फळी ढिम्म.

"माणूस तोच, वजन तेच," काका म्हणाले. "मध्ये बसला तर फळीला सोसवत नाही, पायावर बसला तर तिला कळत पण नाही. इमारत अशीच असते साहेब. स्लॅब म्हणजे ही फळी. स्लॅबचं वजन तुळईवर जातं, तुळईचं खांबावर, खांबाचं पायात आणि पायाचं जमिनीत. मधलं वजन सगळ्यात वाईट. पाचशे लिटर पाणी म्हणजे अर्धा टन. लोकांना वाटतं पाणीच आहे, त्याला कसलं वजन! आणि आता चार मोठ्या टाक्या, त्या पण मधोमध. वर शनवारी दोनशे माणसं डीजेवर उड्या मारणार. नुसती उभी राहणार नाहीत, उड्या मारणार!"

ठाण्यातले दोन-तीन शिपाई एव्हाना दारात येऊन उभे होते. कोणी हसत नव्हतं.

"हे तुम्ही सोसायटीत का नाही सांगितलं?"

"सांगितलं. मीटिंगमध्ये सांगितलं. म्हणाले, तू सळया बांधणारा, तुला काय कळतंय? टाकी सरकवा म्हटलं तर प्रत्येकाला आपली टाकी पाइपाजवळच हवी."

"मग इंजिनिअर आणायचा. अर्ज द्यायचा. हे चोरून पाणी सोडणं कशासाठी?"

आणि इथे काका थांबले. चहाचा कप त्यांनी हातात घेतला, परत ठेवला. मी काही बोललो नाही. चौकशीत बोलण्यापेक्षा गप्प बसणं जास्त अवघड असतं, पण कामाला तेच येतं.

"साहेब, त्या स्लॅबमधली सळयांची जाळी मी बांधली आहे," ते शेवटी म्हणाले. "ही इमारत झाली तेव्हा मी तिथे फिटर होतो. गच्चीच्या स्लॅबला सळया एकमेकींपासून लांब लांब बांध, कमी लागतील, म्हणाला ठेकेदार. म्हणाला, गच्चीवर कोण राहतंय? मला कळत होतं. पण मी बांधल्या. मजुरीतून पैसे साठवून मग त्याच इमारतीत मी घर घेतलं, वरच्या मजल्यावर, त्याच स्लॅबखाली. कुठल्या तोंडाने सांगू लोकांना? ती पोर त्या गच्चीवर नाचणार आहे साहेब. काही झालं तर..."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मला राग यायला हवा होता, आला नाही. मला त्या माणसाची कीव आली आणि त्याचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटतं कधी कधी.

पण पोलिसाचं काम कीव करण्यावर भागत नाही. म्हातारा खरं बोलतोय की घाबरट आहे, हे ठरवायचं कसं? मी विचारलं, "पुरावा काय?" काका म्हणाले, "घरी चला, दाखवतो." मी जीप काढली. वाटेत वधूपित्यांना फोन केला, म्हटलं, चोर सापडला आहे, चौथ्या मजल्यावर या.

काकांच्या घरात शिरलो तर हॉलच्या मधोमध, टीव्हीच्या समोर, एक लोखंडी टेकू उभा. छताला टेकवलेला.

"बघा साहेब, बघा!" काकू स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाल्या. "हॉलमध्ये खांब उभा केलाय यांनी. मालिका बघायची तर मला मान वाकडी करावी लागते. पाहुणे विचारतात, देवघर बांधताय का?"

छताखाली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्यांनी नायलॉनची बारीक दोरी ताणून बांधली होती. गच्च, सरळ. काकांनी टेकू सैल करून बाजूला घेतला. काडेपेटीतली एक काडी माझ्या हातात दिली, स्टूल पुढे केलं. "दोरी आणि छत यांच्यामध्ये घालून बघा."

मी स्टुलावर चढलो. कडेला काडी सहज गेली. मधोमध जाईना. छत दोरीला टेकलेलं होतं.

तेवढ्यात वधूपिता धापा टाकत आले. काकांना पाहून त्यांचा पारा चढला. "अरं फिटर, तू? माज्या घरचा मीठ खाल्लास आन..." मी त्यांना हाताने थांबवलं आणि जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं, सळयांसकट. पोलिसाने अर्धं सांगू नये. ते ऐकून तर ते आणखीच पेटले.

"तूच बांधलास आन तूच बोंब मारतंस? आन सायेब, खाली भिंत हाय ना! मी टाक्या भिंतीच्या वरच ठेवल्यान. आमचे जुने घराला माल्यावर भाताच्या कनग्या असाच्या, भरलेल्या. भिंतीनी कवा हूं का चूं केला नाय!"

ही चूक त्यांची एकट्याची नव्हती. जुन्या घरात हातभर जाड भिंती, वजन त्याच घ्यायच्या. तिथे वाढलेल्या माणसाला भिंत दिसली की धीर येतो. इथली भिंत म्हणजे दोन खोल्यांमधला चार इंचांचा आडोसा. पण हे मी सांगून त्यांना पटणार नव्हतं.

"दादा," मी म्हणालो, "माझंही ऐकू नका आणि काकांचंही. ही काडी धरा, चढा स्टुलावर."

ते चढले. काडी मध्ये घालून पाहिली, जाईना. "दोरीच ढिली असंल," ते पुटपुटले. मी हवालदारांना हाक मारली. बिचारे पुन्हा चार मजले चढून नुकतेच दारात पोहोचले होते. त्यांना गच्चीवर पाठवलं आणि मधल्या टाक्यांच्या तोट्या त्या हिरव्या पाइपला जोडून उघडायला सांगितल्या.

डक्टमधून पाणी उतरल्याचा आवाज यायला लागला. काकूंनी चहा टाकला. वधूपिता स्टुलावरून उतरले नाहीत, वरच उभे राहून बशीतून चहा प्यायले. दर पाच मिनिटांनी काडी लावून पाहायचे. नाही. नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास होत आला. आणि मग त्या माणसाचा हात थांबला. त्यांनी काडी पुढे-मागे करून पाहिली, काढली, परत घातली. दोरी आणि छत यांच्यामधून ती खुशाल आरपार जात होती.

"आई एकवीरे!" ते म्हणाले. "छत वर गेला!"

ते हळूहळू खाली उतरले आणि स्टुलावरच बसले. मग त्यांनी विचारलं, "आन शनवारी दोनशे मानूस?" काकांनी नकारार्थी मान हलवली. वधूपित्यांनी पुढे होऊन काकांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "फिटर, माजी पोरगी हाय ती." एवढंच. ते दोघंही रडले, आणि खरं सांगतो, मी खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो.

शुक्रवारी सकाळी मी डोंबिवलीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंना बोलावलं. त्यांची चोरीला गेलेली स्कूटर आम्ही कधीकाळी शोधून दिली होती, त्यामुळे एका फोनवर आल्या, त्याच स्कूटरवर. बाईंनी छोटी हातोडी घेऊन गच्ची ठोकली, तुळया ठोकल्या, तळमजल्याचे खांब ठोकले, आवाज ऐकला, पायाजवळ खणून पाहिलं. मग सगळ्या रहिवाशांना जिन्यात उभं करून समजावलं. डेड लोड म्हणजे इमारतीचं स्वतःचं वजन, जे कधी उठून जात नाही. लाइव्ह लोड म्हणजे येणारी-जाणारी माणसं, सामान. हवालदार माझ्या कानात म्हणाले, "आपल्याकडे डेड म्हटलं की पंचनामा." मी त्यांना कोपराने ढोसलं.

"इमारत घाबरण्यासारखी नाही," बाई म्हणाल्या. "खांब चांगले आहेत, तुळया चांगल्या आहेत. फक्त गच्चीच्या या एका भागाला तुम्ही त्याच्या पचनापेक्षा जास्त वाढलंय. टाक्या विखरून तुळयांवर घ्या, पुढे खांबांच्या डोक्यावर लोखंडी गर्डर टाकून कायमच्या त्यावर बसवा. आणि कार्यक्रम वर नको, म्हणजे नकोच." मग त्या काकांकडे वळल्या. "काका, दोरीची युक्ती झकास. पण टेकू एकाच मजल्यावर लावून भागत नाही. तुम्ही वरचं वजन घेऊन खालच्यांच्या डोक्यावर ठेवलंत. लावायचा तर जमिनीपर्यंत प्रत्येक मजल्यावर." तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे महिनाभर आम्ही टेकूखाली होतो होय!" काका ओशाळले. चाळीस वर्षं सळया बांधलेल्या माणसालाही हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग सुरू झालं टाक्या हलवण्याचं काम. आधी नेहमीची हुज्जत, माझी इथे, तुझी तिथे. हवालदारांनी माझ्या हातातली यादी घेतली आणि सकाळच्या हजेरीच्या आवाजात एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. पोलिसी आवाजात नाव पुकारलं की माणूस आपोआप "हजर" म्हणतो. अर्ध्या तासात सोळा टाक्या आपापल्या जागी गेल्या, मोठ्या चार खाली उतरल्या. आठवड्यापूर्वी बादलीवरून भांडलेल्या त्या दोघी एकच टाकी दोन बाजूंनी धरून नेताना मी स्वतः पाहिल्या.

राहिला हळदीच्या जागेचा प्रश्न. वधूपित्यांनी आधी खालचं आवार मागितलं होतं. तेव्हा एकानेही आपली दुचाकी हलवायला होकार दिला नव्हता, म्हणून तर कार्यक्रम गच्चीवर गेला. ज्याच्या शेतात ही इमारत उभी राहिली, त्याला मुलीच्या हळदीपुरतं अंगण मिळेना, हे ऐकून मला लाज वाटली. मी काही भाषण केलं नाही. नुसतं विचारलं, "गाड्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेल्या तर कोणाची काही हरकत?" एकेक जण गाडीची चावी आणायला वर पळाला. संध्याकाळपर्यंत आवार मोकळं झालं, बायकांनी सडा घातला आणि मांडवाचे बांबू गच्चीवरून खाली आले.

वधूपित्यांनी ठाण्यात येऊन जबाब दिला की, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. अर्ज दप्तरी दाखल झाला. ठेकेदाराबद्दलचे कागद मी योग्य त्या कार्यालयाकडे पाठवले, त्याची वेगळी चौकशी झाली, ती इथे सांगत नाही. काकांनी मात्र स्वतःहून सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सळयांची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं लोक त्यांना फाडून खातील. सेक्रेटरी म्हणाले, "काका, गर्डर बसतील तेव्हा देखरेख तुम्हीच करा. बाई कागदावर सांगतील, तुम्ही जागेवर उभे राहा."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारतं. पहिली गोष्ट अगदी कामाची. चोरीची फिर्याद आली की आम्ही विचारायचो, काय गेलं, किती गेलं, कोणावर संशय. गेलेली वस्तू आता कुठे आहे, हा प्रश्न मी त्यानंतर आधी विचारायला लागलो आणि पुढे निवृत्तीपर्यंत तो मला उपयोगी पडला. दुसरी गोष्ट माणसांबद्दलची. अपराधी वाटणारा माणूस बहुतेक वेळा पळतो किंवा दुसऱ्यावर ढकलतो. हा माणूस रोज दुपारी चार जिने उतरून पाइप लावायचा, परत चढून तोट्या उघडायचा, सत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी. ज्यांच्यासाठी करायचा तेच लोक त्या चोराला शिव्या द्यायचे आणि हा शेजारी उभा राहून ऐकायचा. त्याने चूक केली होती, नक्कीच केली होती. पण चूक केल्यावर ती निस्तरायला इतकं राबणारी माणसं मी बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली.

शनिवारी संध्याकाळी मला आणि हवालदारांना आग्रहाचं बोलावणं होतं. आगऱ्यांची हळद ज्याने पाहिली नाही त्याला मी काय सांगू! आधी लग्नविधींची गाणी गाणाऱ्या धवलारणीने गाणी म्हटली, मग मुलीला हळद लागली, आणि मग डीजेवाल्याने जे काही सुरू केलं त्याने माझ्या बरगड्या हलल्या. दोनशेची तीनशे माणसं झाली होती. आजोबा नाचत होते, करवल्या नाचत होत्या, सेक्रेटरी नाचत होते, इंजिनिअर बाई स्कूटरची चावी कमरेला खोचून नाचत होत्या. वधूपित्यांनी मला ओढलं आणि ओरडून म्हणाले, "सायेब, नाचा! आता खाली धरनीमाय हाय, ती नाय वाकाची!" मी नाचलो. वर्दीत नव्हतो, म्हणून नाचलो.

थोड्या वेळाने मी काकांना शोधू लागलो. नवरीने सगळ्यांच्या आधी त्यांच्या गालाला हळद लावली होती आणि मग ते दिसेनासे झाले होते. सापडले ते मांडवाच्या कडेला, स्पीकरपासून दहा हातांवर, प्लास्टिकच्या खुर्चीत. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, गाल पिवळे. मी घाबरलो. धावत गेलो, खांद्याला हात लावणार तोच काकूंनी माझा हात धरला.

"उठवू नका हो," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. "झोपलेत. त्या टाक्या वाढल्यापासून रात्र रात्र छताकडे बघत पडायचे. आज पहिल्यांदा डोळा लागलाय."

एवढ्या धडधडाटात तो माणूस ढाराढूर घोरत होता. मी हवालदारांना हाक मारली. ते घामाने निथळत, नाचता नाचता आले.

"हवालदार, या आरोपीवर पहारा ठेवा," मी म्हणालो. "जाग येईपर्यंत याला कोणी हात लावता कामा नये."

"जी साहेब," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली, काकांच्या शेजारी बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून जा म्हणून हाताने खुणावत राहिले.